पहिलीच गाडी तीनशे हॉर्सपॉवरची घेणाऱ्या पोराला "घे बिनधास्त" म्हणणाऱ्या आपल्या सगळ्यांना खुलं पत्र

नमस्कार मंडळी,

हे पत्र आपल्याला आहे. आपल्याला म्हणजे पंधरा-वीस वर्षं गाड्या चालवलेल्या, आवाजावरून इंजिन ओळखणाऱ्या, आणि नात्यात, ऑफिसात, मित्रांच्या घरी "त्याला विचार, त्याला गाड्यांमधलं कळतं" असं ज्यांच्याबद्दल बोललं जातं त्या सगळ्यांना. लायसन्स मिळून सहा-आठ महिने झालेलं पोरगं बापाला विचारत नाही, सेल्समनवर विश्वास ठेवत नाही, ते आपल्याकडे येतं आणि विचारतं की ही गाडी घेऊ का, तीनशे पॉवर आहे, मागच्या चाकांना ड्राइव्ह आहे, चांगली मिळतेय. आणि आपण काय म्हणतो ते मला माहितीये कारण मी तेच म्हटलं होतं. घे. मस्त गाडी आहे. फक्त पाय सांभाळ.

हे "फक्त पाय सांभाळ" आपण आता बंद करूया एवढंच मला सांगायचंय, पण का ते नीट सांगायला जरा वेळ लागेल, तेव्हा थोडं सांभाळून घ्या.

माझा भाचा. वय एकोणीस. लायसन्स मिळून आठ महिने, त्यातले बहुतेक दिवस आईची छोटी हॅचबॅक चालवण्यात गेलेले. त्याने एक जुनी टर्बो कूपे, म्हणजे दोन दारांची, इंजिनात जास्तीची हवा कोंबून जोर वाढवणारी गाडी, हेरली होती, कुठली ते सांगत नाही, गाडीचा त्यात काही दोष नव्हता. मी स्वतः त्याच्याबरोबर बघायला गेलो. बॉनेट उघडून तासभर इंजिन बघितलं, थंड असताना स्टार्ट करून आवाज ऐकला, सर्व्हिसचे कागद चाळले, रंग कुठे परत मारलाय का ते बोटाने चाचपलं. टेस्ट ड्राइव्ह मी घेतली आणि खरं सांगतो, मला इतकी आवडली की परत येताना मीच त्याला म्हटलं, स्पोर्ट मोडमध्ये टाकून बघ, गाडी जिवंत होते. पोरगं तर हवेतच होतं. बहिणीचा मनापासून विरोध होता, पण मामा हो म्हणतोय म्हटल्यावर तिचं चालेना.

तिसऱ्या महिन्यात गाडी गेली. सकाळची वेळ, रात्री पाऊस पडून गेलेला, रस्ता वरून वाळल्यासारखा पण ओलाच. मित्राला घ्यायला निघाला होता. चौकातून वळला, दुसरा गिअर, वळता वळता पाय थोडा जास्त दाबला गेला, टर्बो उशिरा पण एकदम भरला आणि मागची चाकं सुटली. घाबरून त्याने पाय झटकन उचलला, स्टेअरिंग उलटं फिरवलं, मागचं टोक परत पकडीत आलं आणि गाडी दुसऱ्या बाजूला चाबकासारखी फिरली. खांबावर आपटली ती ड्रायव्हरशेजारच्या दारावर.

पोरगं वाचलं. कॉलरबोन मोडलं, काचेने कान फाटला, तेवढ्यावर निभावलं. मी दुसऱ्या दिवशी गाडी बघायला गेलो. शेजारच्या सीटचं दार आत येऊन गिअरच्या लिव्हरला टेकलं होतं. त्या दाराच्या खिशात त्याने गॉगलची कडक केस ठेवलेली, ती मी ओढून काढली तर पोस्टकार्डासारखी सपाट झालेली. त्या सीटवर दहा मिनिटांनी त्याचा मित्र बसणार होता. ही गोष्ट मी बहिणीला आजपर्यंत सांगितलेली नाही, इथे पहिल्यांदा लिहितोय.

मग मी खाली वाकून मागचे टायर बघितले. नक्षी भरपूर शिल्लक होती, म्हणून विकत घेताना लांबूनच ओके म्हटलं होतं. टायरच्या बाजूला शेवटचे चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे, म्हणजे २३१६ असेल तर २०१६ सालचा २३ वा आठवडा. पुष्कळदा ते आतल्या बाजूलाच असतात त्यामुळे गुडघे टेकून बघावं लागतं. त्या दोन्ही टायरना साडेसात वर्षं झालेली होती. नख रुतवायचा प्रयत्न केला तर रबर पाटीसारखं कडक. तासभर इंजिन बघणारा मी, आणि ज्या चार तळहाताएवढ्या तुकड्यांवर ती अख्खी गाडी रस्त्याला टेकते तिकडे मी ढुंकून पाहिलं नव्हतं.

हॉस्पिटलमध्ये तो सारखं एकच वाक्य म्हणत होता, मामा, मी स्पीडमध्ये नव्हतो. आणि मंडळी, तो खरं बोलत होता. नंतर सगळं बघितल्यावर कळलं की स्पीड चाळीसच्या आसपास होता. म्हणजे पोराने आपला सल्ला तंतोतंत पाळला होता, पाय सांभाळला होता त्याच्या हिशोबाने, आणि तरीही हे झालं. तेव्हापासून मी या एका वाक्याच्या मागे लागलोय, की आपण "पाय सांभाळ" म्हणतो तेव्हा समोरच्याला नक्की काय देतो? तर काहीच नाही. कुठे सांभाळायचा, किती, कशावरून ओळखायचं की आता फार झालं, हे आपल्या पायाला वीस वर्षांनी कळलंय, ते शब्दात त्याच्या पायात जात नाही.

जरा टेक्निकल बोलतो, आपल्यातल्याच लोकांना सांगतोय म्हणून फोड करत बसत नाही. टायरकडे पकड ठरावीक असते आणि ती वळायला, पळायला आणि थांबायला वाटून वापरावी लागते. वळणात निम्मीअर्धी वळायलाच खर्च झालेली असते, उरलेल्यात तुम्ही पॉवर देता. आईच्या हॅचबॅकमध्ये पॉवरच इतकी कमी की त्या उरलेल्या पकडीच्या बाहेर जाणं जवळजवळ अशक्य, आणि गेलीच तर पुढची चाकं घसरतात, गाडी रुंद जाते, माणूस घाबरून पाय काढतो आणि गाडी परत लाइनवर येते. म्हणजे घाबरल्यावर माणूस जे करतो तेच तिथे बरोबर असतं. मागच्या चाकांच्या जोरदार गाडीत नेमकं उलटं होतं, पाय झटकन काढला की वजन पुढे जातं, मागची चाकं हलकी होतात आणि जी थोडीफार पकड उरलेली असते तीही जाते. आठ महिने त्या पोराने जी सवय पायात मुरवली होती ती या गाडीत त्याच्याच अंगावर आली. आणि चाकं सुटायला लागली की जोर आपोआप कमी करणाऱ्या ट्रॅक्शन कंट्रोलचं म्हणाल तर स्पोर्ट मोडमध्ये त्या गाडीत ते ढिलं होतं. जिवंत होते म्हणून मीच सांगितलं होतं ना.

दुसरी गोष्ट वेळेची. साधी शंभर पॉवरची गाडी शून्यावरून शंभरला जायला बारा-तेरा सेकंद घेते, तीनशेच्या पुढची पाचेक सेकंद, आणि आताच्या जोरदार इलेक्ट्रिक गाड्या तर साडेतीनच्या आत, तेही आवाज न करता, गिअर न बदलता. आपण याला मजा म्हणतो आणि ती आहेच, मी नाकारत नाही. पण नवशिक्याच्या बाजूने बघा. त्याची नजर अजून बॉनेटच्या पुढे दहा-पंधरा मीटरवर असते, आरसा आठवण करून बघावा लागतो, समोरची गाडी वळणार आहे हे तिच्या चाकावरून ओळखायची सवय लागलेली नसते. आपल्याला न कळत जी कामं होतात ती त्याला एकेक करून करावी लागतात, त्या प्रत्येकाला वेळ लागतो, आणि ही गाडी नेमका तोच वेळ खाऊन टाकते. शंभरच्या स्पीडला गाडी सेकंदाला अठ्ठावीस मीटर जाते. आणि शंभरवरून एकशे चाळीसला गेलं की स्पीड दीडपटही झालेला नसतो पण गाडीतली ऊर्जा जवळपास दुप्पट होते, कारण ती स्पीडच्या वर्गाने वाढते. शाळेत आपण सगळ्यांनीच शिकलेलं आहे हे, फक्त शोरूममध्ये आठवत नाही.

आता "आम्ही पण त्या वयात चालवल्याच की, आम्हाला काय झालं" हे येणार. मी पण हेच म्हणायचो. पण आपण शिकलो त्या गाड्या आठवा, साठ-सत्तर पॉवर म्हणजे पुष्कळ. ऐंशीला गेली की दारं थडथडायची, वाऱ्याचा आवाज कानात, स्टेअरिंग हातात थरथरायचं, वळणात अंग पूर्ण एका बाजूला कलायचं आणि टायर ओरडायचे. ती गाडी तुम्हाला दहा वेळा सांगायची की पुरे आता, आणि अकराव्यांदा सुद्धा हळूच घसरायची. आताची जोरदार गाडी एकशे वीसला सत्तरसारखी वाटते. सस्पेन्शन घट्ट, टायर रुंद, आत गाणी चालू. ती काही म्हणजे काही सांगत नाही आणि जेव्हा सांगते तेव्हा वेळ संपलेला असतो. आपण ज्या शाळेत शिकलो ती शाळाच या पोरांना मिळत नाहीये, आणि आपण त्यांना थेट वरच्या परीक्षेला बसवतोय. शिवाय आपल्या पिढीतले ज्यांना "काही झालं" ते आज हे सांगायला नाहीत. प्रत्येकाने आपापल्या कॉलेजच्या ग्रुपमधला एक चेहरा आठवून बघा, मला दोन आठवतात.

गाडीवेड्यांच्या दंतकथा पण यात आहेतच. पोर्शची पहिली ९११ टर्बो १९७५ ची, तीन लिटर, २६० पॉवर, इंजिन मागच्या चाकांच्याही मागे, आणि टर्बो असा की आधी काहीच नाही आणि मग एकदम सगळं. वळणात तो "मग" आला की लोक दचकून पाय काढायचे आणि गाडी फिरायची, म्हणून तर तिला विडोमेकर म्हणजे बायकांना विधवा करणारी असं नाव पडलं, आणि आपण ते नाव किती कौतुकाने घेतो. भाच्याचं जे झालं ते अगदी हेच आहे हो, पन्नास वर्षं जुनी गोष्ट, फक्त गाडी वेगळी. आणि ते काही नवशिके नव्हते.

'फास्ट अँड फ्युरियस' सिनेमांमधला पॉल वॉकर २०१३ मध्ये गेला ते सगळ्यांनाच माहितीये, तो शेजारच्या सीटवर होता. गाडी पोर्श कॅरेरा जीटी, सहाशेच्या वर पॉवर, गाडी फिरायला लागली की आपोआप सावरणारं स्टॅबिलिटी कंट्रोल नाहीच. चालवणारा रेस ट्रॅकवर गाड्या चालवणारा माणूस. ताशी ४५ मैलांची मर्यादा असलेल्या रस्त्यावर गाडी ८० ते ९३ मैलांवर होती असं तपासात निघालं, आणि गाडीचे टायर नऊ वर्षं जुने होते. हे सगळं मी आधी वाचलेलं होतं. चर्चा पण केलेली, वाद घातलेले. पण भाच्याच्या टायरखाली वाकून बघेपर्यंत ते माझ्या डोक्यात बातमी म्हणूनच होतं.

इलेक्ट्रॉनिक्स वाचवतं यात वाद नाही. जोरात ब्रेक मारला तरी चाकं जाम होऊ न देणारं एबीएस १९७८ मध्ये मर्सिडीजच्या एस क्लासमध्ये आलं, स्टॅबिलिटी कंट्रोल १९९५ मध्ये, दोन्ही बॉशबरोबर केलेलं काम, आणि यांनी किती जीव वाचवले असतील त्याला गणती नाही. पण ती यंत्रणा करते काय, तर एकेका चाकाला ब्रेक लावते आणि इंजिनचा जोर कमी करते. म्हणजे असलेल्या पकडीतूनच काम करते, नवी पकड कुठून आणणार? कडक झालेल्या टायरवर, ओल्या रस्त्यावर, वर ढिल्या मोडमध्ये तिच्या हातात काही उरत नाही. आणि कोरड्यात हीच यंत्रणा पोराच्या चुका इतक्या बेमालूम झाकते की त्याला वाटतं मला जमतंय. तो छोटासा दिवा डॅशबोर्डवर लुकलुकतो ना, तो खरंतर "आत्ता तू चुकलास" असं सांगत असतो. किती जणांनी आपल्या पोरांना तो दिवा दाखवलाय?

मोटारसायकलींच्या बाबतीत ही अक्कल जगाला आधी आली याचं मला नेहमी नवल वाटतं. युरोपात ए टू नावाचं लायसन्स असतं, त्यात ३५ किलोवॅटपर्यंतचीच, म्हणजे साधारण ४७ पॉवरची गाडी चालवायची, दोन वर्षं काढायची आणि मग परीक्षा किंवा ट्रेनिंग करून मोठी. कुणाला त्यात अपमान वाटत नाही, पायरी आहे ती. चारचाकीत मात्र बहुतेक ठिकाणी सकाळी लायसन्स आणि संध्याकाळी पाचशे पॉवर, कुणी विचारत नाही. इटलीने नवीन लायसन्सवाल्यांना मर्यादा घातलीये, २०२४ च्या शेवटी बदललेल्या नियमात पहिली तीन वर्षं गाडी १०५ किलोवॅटच्या आणि वजनाच्या हिशोबाने टनाला ७५ किलोवॅटच्या आत हवी. ऑस्ट्रेलियात काही राज्यांमध्ये नव्या ड्रायव्हरना टनाला १३० किलोवॅटच्या वरची गाडी चालत नाही. न्यूझीलंडने तर १९८७ पासूनच टप्प्याटप्प्याने लायसन्स द्यायला सुरुवात केली, आधी शेजारी अनुभवी माणूस, मग रात्री एकट्याने नाही, मित्र घेऊन नाही, असं करत करत पूर्ण. मला कायद्याची वाट बघत बसायचं नाहीये. टनाला अमुक हा हिशोब अवजड इलेक्ट्रिक गाडीला अलगद सोडून देतो हेही दिसतंय. पण हे सगळे देश जी गोष्ट दंड लावून सांगतात ती आपण प्रेमाने सांगू शकतो, कारण पोरं आपलं ऐकतात. पोलिसाचं ऐकत नाहीत एवढं आपलं ऐकतात.

जगभरात ५ ते २९ वयात सगळ्यात जास्त मृत्यू रस्त्यावरच्या अपघातात होतात असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. कुठल्याही आजारापेक्षा जास्त. यातले सगळे काही गाडी चालवणारे नसतात, पायी चालणारे असतात, मागे बसलेले असतात. त्या रिकाम्या सीटसारखे.

मग विचारायला आलेल्या पोराला सांगायचं काय? "नको" म्हटलं की ते दुसऱ्या कुणाकडे जातं आणि तो घे म्हणतो, हे मान्य. म्हणून मी आता आधी एकच विचारतो, आजपर्यंत कशात आणि किती चालवलंयस, पावसात किती, रात्री किती, एकट्याने लांब किती. उत्तर देता देता पोराला स्वतःलाच अंदाज येतो. आणि मग गाडीबद्दल बोलताना मी पॉवर सोडून वजनाबद्दल बोलायला लागतो. माझदाची एमएक्स ५, १९८९ ची पहिली, १.६ लिटर, एकशे पंधराच्या आसपास पॉवर, वजन टनाच्या आत, आणि आजपर्यंत जगात सगळ्यात जास्त खपलेली दोन सीटची स्पोर्ट्स कार तीच आहे, दहा लाखांचा टप्पा २०१६ मध्ये ओलांडला. टोयोटाने २०१२ मध्ये ८६ काढली तेव्हा दोनशे पॉवर दिली आणि टायर घातले मिशेलिनचे प्रायमसी, म्हणजे प्रियससारख्या इंधन वाचवणाऱ्या गाड्यांच्या पंक्तीतले, मुद्दाम कमी पकडीचे, की घसरणं लवकर सुरू व्हावं, हळूहळू व्हावं आणि चालवणाऱ्याला कळावं. स्पोर्ट्स कार बनवणारे लोक स्वतःच गाडीची पकड कमी करतात यातच सगळं आलं ना. मी हे पोरांना सांगितलं की त्यांचे डोळे चमकतात, कारण यात कुणी त्यांना "लहान आहेस" म्हणत नाही, यात गाडीचीच गोष्ट असते. ही दोन्ही पहिली गाडी म्हणून घ्या असं मी म्हणत नाहीये हं, मागच्या चाकांचीच आहेत ती पण. पहिली गाडी ऐंशी ते शंभर-एकशेवीस पॉवरची, हलकी, पुढच्या चाकांची, स्टॅबिलिटी कंट्रोल असलेली, आणि वाचलेल्या पैशातून चारही टायर एकाच कंपनीचे, नवे. अशी गाडी पूर्ण वापरता येते, तिसऱ्या गिअरमध्ये लाल रेषेपर्यंत नेली तरी पोरगं तुरुंगात जात नाही, आणि शिकणं त्याच्यातच आहे.

ओव्हरटेकला पॉवर हवी हा मुद्दा मी अनेकदा ऐकतो. पटत नाही. ज्याला अजून समोरून येणाऱ्या गाडीचा स्पीड जोखता येत नाही त्याच्याकडे पॉवर असेल तर तो नको ती जागा बघून बाहेर पडतो. कमी पॉवरवाला थांबतो. नव्या माणसाला थांबायची सवय लागणं वाईट नाही.

जुनी जोरदार गाडी स्वस्त मिळते हा सापळा वेगळाच. गाडीची किंमत उतरलेली असते पण तिच्या टायर-ब्रेकची किंमत उतरलेली नसते, मग पोरं काय करतात तर पुढे एक कंपनी मागे दुसरी, ब्रेक पॅड मिळतील ते, आणि पॉवर मात्र पूर्ण शाबूत. यावर जास्त लिहीत नाही, आपल्याला सगळ्यांना अशा गाड्या माहितीयेत.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे शेजारी बसा. अपघातानंतर चार महिन्यांनी, खांदा बरा झाल्यावर, मी भाच्याला स्किड ट्रेनिंगला घेऊन गेलो. मोठं मोकळं मैदान, पाणी मारलेलं, एक साधी हॅचबॅक. शिकवणाऱ्या बाईंनी पहिलंच सांगितलं, साठला जा आणि ब्रेक पूर्ण मार. पूर्ण म्हणजे मोडेल इतका. त्याने मारला, पेडल पायाखाली कडकडकड करून थरथरलं आणि त्याने घाबरून पाय काढून घेतला, म्हणाला काहीतरी तुटलं. तुटलं काही नव्हतं, एबीएस चालू झालं होतं. लायसन्स मिळून सव्वा वर्ष झालेल्या पोराने एबीएस कसं लागतं हे पहिल्यांदा अनुभवलं आणि त्याचा पाय मागे आला. रस्त्यावर समोर माणूस असता तर? त्याने ते सहा-सात वेळा केलं तेव्हा कुठे पाय दाबलेला राहिला. मग घसरणं, मग नजर. बाई एकच गोष्ट सारखी ओरडत होत्या, जायचंय तिकडे बघ, खांबाकडे बघू नकोस, खांबाकडे बघू नकोस. तो गप्प झाला एकदम. मी मागच्या सीटवर होतो, माझ्या पोटात गोळा आला, त्या बाईंना बिचाऱ्यांना काहीच माहीत नव्हतं.

असं मैदान सगळीकडे नसतं हे खरं. पण रिकामा पार्किंग लॉट असतो, मालकाला विचारून घेता येतो, पावसाळी सकाळ असते, तीस-चाळीसच्या स्पीडला पूर्ण ब्रेक मारून बघायला रेस ट्रॅक लागत नाही. दोन तास लागतात आपले. इंजिन बघण्यात मी एक तास घालवला होता.

ज्यांच्या पोरांनी मोठी गाडी घेऊनच टाकलीये त्यांच्याबद्दल पण थोडं. ती विका असं मी सांगणार नाही, कुणी विकत नसतं. पण आजच्या आज टायरचे आकडे बघा. मोड सगळ्यात सौम्य ठेवा, टेस्लात चिल आहे, बाकीच्यांत कम्फर्ट, इको, वेट असं काही ना काही असतं. फोर्डची मायकी म्हणून सोय आहे, त्या चावीने चालू केली की टॉप स्पीडला लगाम बसतो, व्होल्वोची केअर की तशीच, आणि व्होल्वोने तर २०२० पासून सगळ्याच नव्या गाड्या १८० ला बांधून टाकल्या. तुमच्या गाडीत असं काही आहे का ते मॅन्युअलमध्ये बघा, बऱ्याचदा असतं आणि कुणी चालू केलेलं नसतं. आणि पहिले सहा महिने गाडीत मित्र नकोत. ही अट सगळ्यात अवघड जाते कारण गाडी घेतलेलीच असते मित्रांना बसवायला. पण मागून "दाब की" म्हणणारा एक आवाज आला की एकोणीस वर्षांच्या पायाचं काय होतं हे आपण विसरलेलो नाही.

गाड्यांचे व्हिडिओ करणारे आपले जे मित्र आहेत त्यांना वेगळी विनंती. लाँच, म्हणजे जागेवरून पूर्ण जोराने सुटणं, करून दाखवता, ड्रिफ्ट, म्हणजे मुद्दाम घसरवत वळणं, करून दाखवता, जरूर दाखवा, तुमचं ते काम आहे आणि मी बघतो ते. पण त्याच व्हिडिओत "नवीन लायसन्स असेल तर ही घेऊ नका" एवढं एक वाक्य आपल्या तोंडाने, आपल्या नेहमीच्या आवाजात बोला. खाली बारीक अक्षरात इशारा असतो तो कुणी वाचत नाही.

भाचा आता नव्वद पॉवरची गाडी चालवतो. दीड वर्ष झालं. परवा त्याने परत एका गाडीची लिंक पाठवली, या वेळी दोनशेची आहे, मागच्या चाकांची. खाली फोटो होते, बॉनेटचा नाही, इंटिरियरचा नाही, चारही टायरच्या आतल्या बाजूचे चार फोटो, आकडे दिसतील असे. मी अजून हो किंवा नाही कळवलेलं नाही. येत्या पावसाळ्यात एकदा त्याच मैदानावर जाऊ, मी शेजारच्या सीटवर बसतो, मग बोलू, एवढंच लिहिलंय त्याला.

तुमच्यातलाच एक,
एका भाच्याचा मामा